सुनीतीबाईंच्या भिंतीतला समुद्र

सुनीतीबाई आवटींना कशाकशाची भीती वाटते हे सांगायला बसलं तर दिवस मावळेल. लिफ्टची वाटते, म्हणून दिल्लीतल्या द्वारका भागात फ्लॅट घेताना त्यांनी तळमजलाच धरून ठेवला. भूकंपाची वाटते, म्हणून हॉलमधला पंखा जरा हलला की त्या आधी दाराकडे बघतात आणि मग बटणाकडे. दिवाळीनंतर दिल्लीवर धुरकं उतरलं की त्या खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावतात आणि एक्झॉस्ट फॅनच्या भोकात पानिपतहून आणलेल्या ब्लँकेटचे तुकडे कोंबतात. शेजारच्या पद्मजाताई त्यांना तोंडावर म्हणायच्या, 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस.' सुनीतीबाई हसायच्या आणि हसता हसता दाराची कडी पुन्हा एकदा तपासायच्या.

त्यांना भीती वाटत नव्हती ती फक्त उकळत्या पाण्याची, कारण ते त्यांच्या बाजूचं होतं. झुरळं झाली, ओत उकळतं पाणी. मोरीला वास आला, ओत उकळतं पाणी. करोनाच्या काळात तर भाजीपासून चपलांपर्यंत सगळ्यांना त्यांनी त्या पाण्याने आंघोळ घातली होती आणि नवऱ्याच्या एका चांगल्या चपलेचं पार भजं करून टाकलं होतं.

आता ही भीती काही आभाळातून पडली नव्हती. लग्न होऊन दिल्लीत आल्या त्याच्या पुढच्याच वर्षी मिरजेच्या माहेराहून फोन आला होता, की वडिलांची तब्येत जरा बरी नाही, भेटून जा. सुनीतीबाईंनी आजाऱ्याला म्हणून सिमल्याची सफरचंदं घेतली. गाडीत ती मांडीवर धरून बसल्या, कुणाचा धक्का लागू दिला नाही. मिरजेला घरासमोर माणसं उभी दिसली तेव्हा कळलं, की फोन आला तेव्हाच सगळं आटोपलं होतं. 'तू एकटी प्रवास करणार, घाबरली असतीस,' असं भाऊ म्हणाला. ती सफरचंदं कोपऱ्यात पडून सडली, कुणाचा हात धजला नाही.

पुढे हे असंच चालत राहिलं. आईचा कॅन्सर सुनीतीबाईंना सांगितला नाही. नवऱ्याच्या छातीत दुखलं ते ऑफिसातल्या लोकांना आधी कळलं. मुलगी देविका हिची स्कूटी घसरली ते प्लॅस्टर निघाल्यावर कळलं, तोवर ती मैत्रिणीकडे अभ्यासाला राहिली होती म्हणे. प्रत्येक वेळी कारण एकच, ती घाबरेल. सगळ्यांनी मिळून एका बाईला असं शिकवलं, की कुणी 'काही नाही' म्हणालं की नक्की काहीतरी आहे. मग ती घाबरट झाली, आणि घाबरट झाली म्हणून तिला आणखी काही सांगेनात. याला प्रेम म्हणायचं असतं आणि तसं ते होतंही, पण मला त्याचा रागच येतो.

तर सुनीतीबाईंचे यजमान विष्णू आवटी केंद्रीय मंत्रालयातल्या नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी भिंतीत समुद्र बसवायचं मनात घेतलं. माणूस मूळचा सोलापूरकडचा, समुद्र त्याने आयुष्यात दोनदा पाहिला असेल. पण दुबईला एका पुतण्याच्या घरी भिंतीतलं मत्स्यालय पाहिलं आणि त्याचं डोकंच फिरलं. गोड्या पाण्याचं नव्हे, खाऱ्या पाण्याचं. त्यात जिवंत पोवळी, दगडांवर उमलणारी, मिटणारी. हॉल आणि देविकाची जुनी खोली यांच्या मधली भिंत फोडायची, तिथे सहा फुटी काचेची टाकी बसवायची. हॉलमधून बघितलं तर चौकटीतलं चित्र, आणि मागच्या खोलीत पंप, दिवे, गाळण्या असा सगळा कारभार.

सुनीतीबाईंचा पहिला प्रश्न भिंतीचा. भिंत फोडली तर वरचे चार मजले कशावर उभे राहणार? सोसायटीच्या इंजिनिअरने येऊन दाखवलं, की ही नुसती आडोशाची भिंत आहे, भार खांबांवर आहे. मग त्यांनी पाण्याच्या वजनाचं काढलं. खाली जमीनच आहे, खचणार कुठे, असं विष्णुपंत म्हणाले. मग विजेचं. शॉक लागला की वीज तोडणारा स्विच बसवला. मग भूकंपाचं. टाकीखालचा लोखंडी घोडा भिंतीत बोल्टने पक्का केला आणि खाली रबर घातलं. एकेका भीतीला विष्णुपंतांनी असं उत्तर दिलं आणि ती सगळी उत्तरं खरी होती. भीती मात्र तेवढ्याने जात नाही, ती दुसरी जागा शोधते.

गवंडी आले, धूळ झाली, भिंतीला भोक पडलं. त्या भोकातून स्वयंपाकघरात उभं राहून मागच्या खोलीतली खिडकी दिसायला लागली आणि सुनीतीबाईंना घर उघडं पडल्यासारखं झालं. मग टाकी आली. आरओच्या पाण्यात समुद्री मिठाची पूड मिसळून पाणी तयार झालं, खारेपणा मोजायची नळी डोळ्याला लावून विष्णुपंत तासन्‌तास उभे राहायला लागले. पाणी भरल्यावर कितीतरी आठवडे आत एक मासा नाही. पाणी आधी तयार व्हावं लागतं, दगडांवरचे जिवाणू वाढावे लागतात. मैत्रिणींनी विचारलं की सुनीतीबाई सांगायच्या, 'मुरत घातलंय, लोणचं आहे ते.'

आणि मग एके दिवशी त्यात जीव आला. नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे आले, एक लाल कोळंबी आली, दगडांवर मऊ बोटांसारखी पोवळी डुलायला लागली. एका दगडावर हिरवी-जांभळी बटणं उमलली, शर्टाच्या बटणाएवढी, प्रत्येकाला बारीक झालर. सुनीतीबाई दुपारी चहा घेऊन टाकीसमोर बसायला लागल्या. तिथे बसलं की छातीतली धडधड थांबते, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. इतकी कटकट केल्यावर कोणत्या तोंडाने सांगणार.

आता एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. सुनीतीबाईंना ती फार उशिरा कळली. ती हिरवी-जांभळी बटणं विषारी होती. पाण्यात होती तोवर त्यांचा कुणाला त्रास नव्हता. पण त्यांच्यातल्या काही जातींच्या अंगात असं जहर असतं, की दगड खरवडला किंवा त्यावर गरम पाणी पडलं तर ते वाफेबरोबर उडतं आणि श्वासातून आत जातं. सुभाषनगरच्या ज्या दुकानातून दगड घेतला त्याने विष्णुपंतांना हे दोनदा बजावलं होतं. हातमोजे घाला, खरवडू नका, गरम पाणी तर चुकूनही नको. विष्णुपंतांनी घरी येऊन वाचलं, त्यांनाही धसका बसला. आणि सगळ्या भीतींना उत्तर देणाऱ्या या माणसाने ही एकच खरी भीती बायकोला सांगितली नाही. ती घाबरेल, म्हणून.

नोव्हेंबर उजाडला. बाहेर समोरची इमारत दिसेना. सुनीतीबाईंनी घर डबीसारखं बंद केलं. टाकीत ती बटणं फार माजली होती, बाकीच्या पोवळ्यांवर चढायला लागली होती. विष्णुपंतांनी हातमोजे घालून एक दगड बाहेर काढला, बादलीत ठेवला आणि मागच्या खोलीच्या बाथरूममध्ये नेला. दुकानदार तो परत घेणार होता. जाताना ते म्हणाले, "त्या बादलीला हात लावू नकोस."

का, ते सांगितलं नाही. मग कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्राच्या सदनात मराठी मंडळाची बैठक होती, तिकडे गेले.

बादलीत पाणी थोडं होतं, दगडाचा वरचा भाग उघडा पडला होता. दुपारपर्यंत त्याला वास सुटला. मेलेल्या मासळीचा, कुजका. संध्याकाळी देविका आणि जावई उन्मेष गुरुग्रामहून जेवायला येणार होते. सुनीतीबाईंनी नाकाला पदर लावून बादलीत डोकावून पाहिलं. दगडावर बुळबुळीत काहीतरी. यात काय काय वाढत असेल, डास, जंतू, कुठला नवा रोग, अशी त्यांच्या मनात रांगच लागली. हात लावायचा नव्हता, तो त्यांनी लावलाही नाही. नवऱ्याचा शब्द त्यांनी अक्षरशः पाळला. गॅसवर मोठं पातेलं चढवलं, पाणी खळखळा उकळलं, सांडशीत धरून नेलं आणि लांबूनच दगडावर ओतलं.

वाफेचा लोट उठला. बाथरूमची खिडकी चिकटपट्टीने बंद होती, पंख्याच्या भोकात ब्लँकेट होतं. वाफेला जायला जागाच नव्हती. सुनीतीबाईंना ठसका लागला. तोंडात तांब्याचा पैसा चोखल्यासारखी चव आली. त्यांनी दार ओढून घेतलं, पण दाराला फट असतेच. तासाभरात अंगात कणकण आली, छाती भरून आली. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, एक पट्टी सुटली होती. धूर आत आला बहुतेक, असं म्हणून ती पट्टी पुन्हा घट्ट चिकटवली आणि अंथरुणावर पडल्या.

विष्णुपंत आले तेव्हा त्या खोकत होत्या. त्यांनी विचारलं आणि सुनीतीबाईंनी वासाचं, पाण्याचं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता विष्णुपंतांचा चेहरा बदलला. ते मागच्या खोलीकडे गेले, बाथरूमचं दार उघडल्याचा आवाज आला आणि मग काहीच आवाज आला नाही. सुनीतीबाईंनी हाक मारली.

"काही नाही," ते म्हणाले. "जरा साफ करून येतो. तू पड."

त्याच वेळी दोघं उठून घराबाहेर पडले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण बाहेर पडायचं तर कारण सांगावं लागलं असतं. विष्णुपंतांनी नाकावर रुमाल बांधला, दार आतून लावून घेतलं, म्हणजे वाफ बायकोच्या खोलीत जायला नको, आणि त्या कोंडलेल्या जागेत बसून दगड पिशवीत बांधला, बादली धुतली, फरशी पुसली, भिंती पुसल्या. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते आणि पायात गोळे येत होते. ते हसले आणि म्हणाले, झालं चकाचक. सुनीतीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. विचारायचं काय हेच त्यांना कळेना.

देविका-उन्मेषला येऊ नका म्हणून सांगितलं. संध्याकाळी दोघं सेक्टरमधल्या क्लिनिकमध्ये गेले. बाहेर खोकणाऱ्यांची रांगच होती. डॉक्टरने छाती ऐकली आणि हिंदीत म्हणाला, की सगळ्या दिल्लीला हेच झालंय, वाफारा घ्या, खिडक्या बंद ठेवा, घराबाहेर पडू नका. विष्णुपंतांनी तोंड उघडलं, शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं आणि मिटलं. सकाळी डॉक्टरला एकट्याने फोन करू, असं त्यांनी ठरवलं असावं. आणि दोघं त्या बंद घरात परत आले.

सकाळ झाली तेव्हा विष्णुपंतांना उठता येत नव्हतं. श्वास घेताना खांदे वर जात होते, मांड्या इतक्या दुखत होत्या की चादर सहन होईना. सुनीतीबाईंना स्वतःलाही धाप होती. त्या भिंतीला धरत धरत त्यांच्याजवळ आल्या. हॉलमध्ये टाकीतले दिवे आपोआप लागले होते, ते दोन नारिंगी मासे काचेजवळ येऊन खाऊची वाट बघत होते. विष्णुपंत पुन्हा म्हणाले, काही नाही, धुरामुळे.

सुनीतीबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेतला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही.

"माझे वडील गेले तेव्हाही काही नव्हतं," त्या म्हणाल्या. "आई गेली तेव्हाही काही नव्हतं. आता मला खरं काय ते सांगा. मी घाबरणारच आहे. घाबरू दे मला. पण कशाला घाबरायचं ते तरी कळू दे."

विष्णुपंतांनी तिच्याकडे मान वळवली. मग थांबत थांबत, एका शब्दानंतर एक श्वास घेत, त्यांनी सांगितलं. बटणं. गरम पाणी. वाफ. त्या विषाचं नावही सांगितलं, पॅलीटॉक्सिन, आणि तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. शेवटी म्हणाले, "तुझी चूक नाही. मी सांगायला हवं होतं."

सुनीतीबाईंना भीती वाटलीच. इतकी आयुष्यात कधी वाटली नव्हती. आपल्याच हाताने, आपल्याच पातेल्याने हे झालं, हे त्यांच्या छातीत सुरीसारखं गेलं. पण आजवरची त्यांची भीती घरभर भटकायची, तिला धरायला जागा नसायची. या भीतीला नाव-गाव होतं. तिच्यासाठी काय करायचं ते ठरवता येत होतं. त्या उठल्या आणि खिडकीच्या पट्ट्या टराटरा ओढून काढल्या. सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, मुख्य दार उघडलं. दिल्लीचं ते करडं, कडवट धुरकं घरात शिरलं आणि सुनीतीबाईंनी ते येऊ दिलं. मग पद्मजाताईंना हाक मारली, आत न येता दारातूनच मदत करा म्हणून सांगितलं, आणि अँब्युलन्स बोलावली.

इमर्जन्सीतल्या तरुण डॉक्टरीणबाईंनीही आधी प्रदूषणच म्हटलं. सुनीतीबाई मास्कमधून धापा टाकत म्हणाल्या, "पोल्यूशन नहीं है. पॅलीटॉक्सिन है. घर में मूँगा है, मैंने उस पर गरम पानी डाला." डॉक्टरीणबाईंनी चमकून वर पाहिलं आणि पळत जाऊन मोठ्या डॉक्टरांना घेऊन आल्या. या विषावर उतारा नाही, असं मोठे डॉक्टर म्हणाले. श्वास सांभाळायचा, मूत्रपिंडं सांभाळायची आणि वाट बघायची. हेही त्यांनी सुनीतीबाईंना सरळ सांगितलं, कारण त्यांनी सरळच विचारलं होतं.

सुनीतीबाईंना वॉर्डात ठेवलं आणि थोड्या दिवसांनी घरी सोडलं. घरी म्हणजे देविकाकडे, गुरुग्रामला. द्वारकेचं घर साफ होईपर्यंत तिथे पाऊल टाकायचं नव्हतं. दुकानातली माणसं तोंडाला मास्क लावून येऊन पोवळी, मासे सगळं घेऊन गेली, आणि भिंतीत नुसतं खारं पाणी उरलं. विष्णुपंत आयसीयूत, व्हेंटिलेटरवर. देविका रोज तिथे बसायची आणि संध्याकाळी आईला सगळं सांगायची. आईने तशी शपथच घातली होती. आज लघवी कमी झाली. आज ताप उतरला. आज डॉक्टर काहीच बोलले नाहीत. सुनीतीबाई ऐकायच्या, त्यांना झोप लागायची नाही, पण त्यांनी एकदाही तिला थांबवलं नाही.

मग एका सकाळी उन्मेष अवेळी घरी आला. देविकाने त्याला पाठवलं होतं. तो बूट न काढता दारातच उभा राहिला.

"आई, जरा तयार व्हा," तो म्हणाला. "हॉस्पिटलला जाऊन येऊ. तसं काही नाही."

सुनीतीबाई उठल्या. त्यांनी त्याला काही विचारलं नाही. तो चांगला मुलगा होता, विचारलं असतं तर आणखी गोड खोटं बोलला असता. त्यांनी साडी बदलली, खांद्यावर शाल घेतली आणि गाडीत बसल्यावर देविकाला फोन लावला. पलीकडे हॉस्पिटलचा तो सततचा टूंटूं आवाज येत होता. देविकाला मिरजेची गोष्ट माहीत होती, लहानपणापासून तिने ती आईकडून ऐकली होती.

"देविका," त्या म्हणाल्या, "सफरचंदं घेऊ का गं?"

सुनीतीबाईंनी डोळे मिटले. गाडी सिग्नलला थांबली होती, बाहेर कुणीतरी काच पुसायचं फडकं विकत होतं.

"घे," देविका म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "घे आई. त्यांना खायला देणार नाहीत, पण घे. बाबा आहेत. सकाळी बी.पी. फार खाली गेलं होतं, म्हणून बोलावलं. आत्ता, या क्षणी आहेत. तू पोचेपर्यंतचं मला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही. मी तुझ्याशी खोटं बोलत नाहीये."

"बरं," सुनीतीबाई म्हणाल्या.

त्यांनी उन्मेषला पहिल्या फळवाल्याजवळ गाडी थांबवायला लावली. तिथे त्यांनी एकेक सफरचंद उचलून, दाबून, डाग नाही ना ते बघून निवडलं. उन्मेष घड्याळाकडे बघत होता. मग पिशवी मांडीवर धरून त्या गाडीत बसल्या, आणि खड्डा आला की दोन्ही हातांनी ती वर उचलत राहिल्या.